जत्रेतली कोंबडीवाली

सकाळी साडेसहाला पंचवटीच्या भाजीबाजारात मी मेथीच्या जुड्यांवर पाणी मारत होते, तेवढ्यात फोन वाजला. निमकर बाईंची भाची, अपर्णा, आदल्या रात्रीच पुण्याहून त्यांच्याकडे आलेली. एवढ्या सकाळी ती कशाला फोन करील? तिनं काही सांगायच्या आधीच मी विचारलं, "कधी?" "पहाटे, मावशी झोपेतच..." एवढंच तिला बोलता आलं. मी "आलेच" म्हटलं आणि तशीच ओल्या हातांनी उभी राहिले. समोरचं गिऱ्हाईक मेथीचा भाव विचारत होतं. त्याला मी काय सांगितलं देव जाणे, पण तो माणूस तीन जुड्या घेऊन फार खूश होऊन गेला. त्याला आज सहा आठवडे झाले. रडायचं तेवढं रडून झालं. आता बाईंची आठवण काढायला बसले की मला आधी हसू येतं, हात शिवशिवायला लागतात, कुणाला तरी धरून सगळं सांगावंसं वाटतं. सत्त्याहत्तराव्या वर्षी गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात. म्हणू देत. बाईच तशा होत्या, त्याला मी काय करू?

तशा म्हणजे कशा, ते मलाही फार उशिरा कळलं. आधी चव्वेचाळीस वर्षं मी त्यांचा रागच केला. आठवीत त्या आम्हाला चित्रकला शिकवायच्या. मी मखमलाबादच्या मळ्यातली पोर, शाळेला चालत यायचे, पायाला चिखल असायचा आणि बाई कडक इस्त्रीच्या साडीत. एकदा स्मरणचित्राचा तास होता, विषय 'आठवडेबाजार'. बाकीच्या मुलींनी एक झाड, एक तंबू आणि काड्यांसारखी दोन माणसं काढली आणि मोकळ्या झाल्या. मी अख्खा बाजार काढला. आईबरोबर दर आठवड्याला बाजारात बसायचे, सगळी माणसं डोळ्यांत होती. मधोमध काढली एक कोंबडीवाली... काखेत कोंबडी, दातात पदर, एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायातल्या चपलेतला खडा झटकणारी. त्या कोंबडीच्या पायांवर माझा निम्मा तास गेला. बाईंनी कागद उचलला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "कशावरून उतरवलंस?" मी म्हटलं, "मनानं काढलं, बाई." "आठवीतल्या मुलीला अशी उभी राहिलेली बाई मनानं काढता येत नाही. एक तर नक्कल करायची, वर खोटं बोलायचं?" आणि त्यांनी कागदाचे सरळ चार तुकडे केले. सगळा वर्ग बघत होता. त्यानंतर चित्रकलेच्या तासाला मी नुसते समास आखले. दहावी झाली, लग्न झालं, सासरीही मळाच होता, आणि भाजीच्या पाट्या घेऊन मी बाजारात बसायला लागले.

आणि एक दिवस बाई माझ्याच गाळ्यावर गवार घ्यायला आल्या! निवृत्त झालेल्या, केस पांढरे, पण आवाज तोच. मी एका क्षणात ओळखलं. त्यांनी मला ओळखलं नाही. हजारो पोरी गेल्या त्यांच्या हाताखालून, माझी आठवण कुठली राहायला! मग मी काय केलं सांगू का? दोन वर्षं त्यांना निवडून निवडून जून गवार घातली. हो, मुद्दाम. आज लाज वाटते, पण तेव्हा फार बरं वाटायचं. त्या आपल्या "ताई, मागच्या वेळची गवार दोरखंड होती हो" असं म्हणायच्या आणि पुन्हा माझ्याकडेच यायच्या. गिऱ्हाईक नसलं की टोमॅटोच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर कोळशानं काहीबाही काढायची मला सवय होती. ती तेवढी सुटली नव्हती. एकदा पुठ्ठा झाकायचा राहिला आणि बाईंची नजर गेली. काढलं होतं एका म्हातारीला... कमरेवर हात, मान तिरकी, गवारीची शेंग डोळ्यांजवळ धरून तपासतेय. बाईंनी विचारलं, "हे कशावरून काढलंत?" झालं! माझं डोकंच फिरलं. "कशावरून म्हणजे? तुमच्यावरून काढलंय! बघा नीट, ती तुमचीच पिशवी आहे!" शेजारची लिंबूवाली सरूबाई दचकून जागी झाली. बाईंनी पुठ्ठा बघितला, हातातली पिशवी बघितली आणि अशा मोठ्यानं हसल्या, की मी त्यांना शाळेत कधी तसं हसताना बघितलं नव्हतं. मग मी सांगितलं, की मी तुमच्या शाळेतली, अमक्या वर्षाची. चित्राचं मात्र काही बोलले नाही. त्या म्हणाल्या, "मंगळवारी दुपारी घरी ये. तैलरंग शिकवते."

मी गेले, ती काही रंगांच्या हौसेनं नाही. खोटं कशाला बोलू? मला त्यांच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं, "मंदा, ते चित्र तुझंच होतं." तेही मी आठवण करून देऊन नाही. त्यांना आपलं आपण आठवायला हवं होतं. तोपर्यंत गप्प बसायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

गंगापूर रोडवर तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. गॅलरीत स्टँड, त्यावर चार बाय तीन फुटांचा कोरा कॅनव्हास आणि शेजारच्या भिंतीवर एक जुनी छापील तसबीर. कुठल्याशा थंड मुलखातल्या, काही शतकांपूर्वीच्या चित्रकारानं काढलेली गावची जत्रा. बाईंनी विद्यार्थिनी असताना मुंबईत विकत घेतलेली. तसबिरीची खालची वीतभर पट्टी वाळवीनं खाल्ली होती, पण उरलेल्या जागेतसुद्धा शंभरावर माणसं! कोणी नाचतंय, कोणी भांडतंय, कोणी पिंपाला टेकून घोरतंय, एक गडी भिंतीकडे तोंड करून नको ते करतोय. बाई म्हणाल्या, "जुन्या काळी शिकाऊ लोक गुरूचं चित्र जसंच्या तसं उतरवून शिकायचे. आपण हेच उतरवायचं." मी मनात म्हटलं, वा गं वा! तेव्हा नक्कल केली म्हणून कागद फाडला आणि आता नक्कल शिकवायला बोलावलंय.  पण चित्राकडे बघता बघता राग कुठे गेला कळलंच नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, ही मासे विकणारी बघा, दांडी मारतेय!" "काय मारतेय?" "अहो, करंगळी बघा तिची. तराजूचं पारडं हळूच खाली दाबलंय. आणि तो टोपीवाला आहे ना, त्याला ते कळलंय, पण तो बायकोच्या धाकानं गप्प आहे." बाईंनी भिंग आणलं. करंगळी खरंच पारड्यावर होती. पन्नास वर्षं ती तसबीर त्यांच्या भिंतीवर, आणि करंगळी त्यांना पहिल्यांदा दिसली. "अगं बाई!" म्हणून त्यांनी माझा दंडच धरला. त्या दिवशी एकही रेष न काढता आम्ही दोघी अंधार पडेपर्यंत नुसती माणसं बघत बसलो.

शिकण्याचं म्हणाल तर मी पहिल्याच महिन्यात घोळ घातला. बाईंनी तसबिरीवर दोरे बांधून चौकोन पाडले, तसेच कॅनव्हासवर आखले. मला दिली किल्ली आणि स्वतः पंधरा दिवस अपर्णाकडे पुण्याला गेल्या. "थोडं थोडं सुरू कर," म्हणाल्या. मला ते चौकोन दिसले आणि मी म्हटलं, हे तर वाफे! एक वाफा पुरता खुरपल्याशिवाय दुसऱ्यात पाय टाकायचा नाही, हे सासूबाईंनी अंगात मुरवलेलं. मी डावीकडच्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. एक चौकोन घ्यायचा, त्यातलं आभाळ, झाड, माणूस, त्याचं बटण, सगळं पुरं करायचं आणि मग शेजारचा धरायचा. रोज वेगळ्या वेळी जायचे, रोज नवा रंग कालवायचे. पंधरा दिवसांत नऊ वाफे करून टाकले आणि काय माझी छाती फुगली होती! बाई आल्या, चपला काढायच्या आधी गॅलरीत गेल्या... आणि मटकन खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. दोन चौकोनांच्या सीमेवर जो गडी उभा होता त्याचा डावा पाय जाडजूड आणि उजवा काटकुळा. डाव्या अंगाला सकाळचं ऊन, उजव्या अंगाला संध्याकाळ. नऊ चौकोनांत नऊ रंगांचं आभाळ. "मंदा, तू जत्रा नाही काढलीस, मेथी लावलीस!" मलाही हसू फुटलं. त्यांनी टर्पेंटाइनचा बोळा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "पूस."

पुसताना जीव तुटला, पण त्यानंतर त्यांनी जे दाखवलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. अख्ख्या कॅनव्हासवर मातकट भुऱ्या रंगाचा पातळ हात मारला. मग डोळे अर्धवट मिटायला लावले. "आता माणसं दिसतात?" "नाही." "काय दिसतं?" "इथे काळोख, तिथे उजेड." "तेवढंच लाव. चौकोन विसर." मोठा ब्रश घेऊन मी इकडे काळोख, तिकडे उजेड असं थापत सुटले. मग प्रत्येक माणसाला फक्त दोन फटकारे, एक डोकं, एक अंग. एका दुपारी, एकाच दुपारी, अख्खी जत्रा उठून उभी राहिली! नाक नाही, डोळे नाहीत, पण कोण नाचतंय, कोण भांडतंय सगळं कळत होतं. मी गॅलरीत अक्षरशः उड्या मारल्या. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ बघायला वर आले. पुढे आम्ही थरावर थर चढवत गेलो. आधीचा थर पातळ, त्यावरचा तेलकट, हा नियम. एकदा रंगात कालवायचं जवसाचं तेल संपलं, तर मी घाण्यावरून चटणीसाठी आणलेलं जवसाचं तेल ओतलं, जवस ते जवस म्हणून! तीन आठवडे ते वाळेना आणि रंगात चिलटं चिकटली. बाई म्हणाल्या, "असू दे, जत्रेत गर्दी वाढली." अशी दीड वर्षं गेली. दर मंगळवारी मी वाट बघायचे, की आज आठवेल, आज म्हणतील. त्या म्हणायच्या, "सावलीत निळा टाक."

मग आली खालची पट्टी, वाळवीनं खाल्लेली. उतरवायला काही नव्हतंच. बाई म्हणाल्या, "इथे नुसती जमीन रंगवू. मला नाही सुचत काही." त्या संध्याकाळी त्या डोळे तपासायला गेल्या आणि मी एकटी चित्रासमोर राहिले. मी काही ठरवून केलं नाही हो, शपथेवर सांगते. जत्रा एवढी भरलेली आणि खाली मोकळं रान, ते बघवेना. ब्रश घेतला आणि हात चालायला लागला. एक लसूणवाली आली, एक पोरगं आलं आईचं बोट सोडून पळालेलं, आणि मधोमध आपोआप आली... काखेत कोंबडी, दातात पदर, एका पायावर उभी. त्या गोऱ्या लोकांच्या जत्रेत माझी नऊवारीवाली! बाई परत आल्या. पर्स खांद्यालाच होती. चित्राजवळ गेल्या, वाकल्या, आणि तशाच राहिल्या.  मग हळूच म्हणाल्या, "ही बाई मी फाडलीय."

चव्वेचाळीस वर्षं मी या क्षणासाठी काय काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं. एक शब्द आठवेल तर शपथ. तोंडातून निघालं, "चहा टाकू?" "चहा नको. बस." त्यांनी चष्मा काढला. "मंदा, ते चित्र तुझंच होतं. आणि मला ते तेव्हाच कळलं होतं." चष्मा पदराला पुसत त्या पुढे म्हणाल्या, "कोंबडीच्या पायांपाशी खोडून खोडून कागद झिजला होता. जो उतरवतो तो एवढं खोडत नाही. फाडायला हात लावला आणि मला ते दिसलं. पण सगळा वर्ग बघत होता... मी फाडलं." मग म्हणाल्या, "मला आयुष्यात एक माणूस मनानं काढता आला नाही गं. समोर ठेवा, हुबेहूब उतरवते. मनानं काढायचं म्हटलं की हात थिजतो. तू तेरा वर्षांची, आणि ती बाई एका पायावर उभी केली होतीस. मला ते सहन झालं नाही." मी रडले. खूप रडले, आणि भांडलेसुद्धा. म्हटलं, "तुमच्यामुळे माझी एवढी वर्षं गेली, बाई!" त्या म्हणाल्या, "हो, गेली." सबब नाही, सारवासारव नाही. गवारीचं मी त्याच दिवशी सांगून टाकलं. "तरीच!" म्हणाल्या. मग रडता रडता दोघींना हसू आलं. उठताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "आता तू मला शिकव. मनानं काढायला."

आणि इथून पुढचे आठ महिने, काय सांगू तुम्हाला! सत्त्याहत्तर वर्षांची बाई रोज सकाळी रिक्षा करून बाजारात हजर. माझ्या गाळ्यात उपड्या क्रेटवर बसायच्या, मांडीवर वही. मी काही शिकलेली मास्तरीण नाही, मला जे जमत होतं तेच त्यांना करायला लावलं. "त्या हमालाकडे बघा. बघितलं? आता त्याच्याकडे पाठ करा आणि काढा. वळून बघायचं नाही!" बाई मुकाट्यानं भिंतीकडे तोंड करून बसायच्या. सरूबाईला राहवेना. "काय गं मंदा, म्हातारीला कशापायी शिक्षा केली?" बाई तिकडे तोंड ठेवूनच म्हणायच्या, "अभ्यास केला नाही हो मी!" सगळा बाजार हसायचा. आणि चित्रं? आई गं! हमालाला तीन कोपरं, गाय की टेबल ते कळू नये. पण रोज वही पुढे करून विचारायच्या, "मार्क?" दहापैकी. मी पहिल्या दिवशी दोन दिले. "दोनच?" "दोनच. तेसुद्धा गाईच्या शेपटीचे." एकदा दया येऊन मी पाच दिले तर माझ्यावर ओरडल्या, "खोटे मार्क द्यायचे नाहीत! मी एकदा खोटा निकाल दिलाय, तेवढा पुरे." त्यानंतर मी हात आखडता घेतला. तीन, तीन, चार. सहापर्यंत त्या एकदाच पोचल्या आणि त्या आनंदात सगळ्या ओळीला चहा पाजला. शेवटच्या बुधवारी निघताना म्हणाल्या, "उद्या घरी बसून काढणार आहे. समोर कोणी नको, तूसुद्धा नकोस. शुक्रवारी दाखवते." शुक्रवारी पहाटेच त्या गेल्या.

परवा अपर्णा बाजारात आली, ती वही घेऊन. शेवटचं पान उघडून म्हणाली, "मंदाताई, हे बघा. बाकीचं सगळं बालवाडीतलं वाटतंय, पण हे किती वेगळं आहे! मावशीनं कुठल्या तरी पुस्तकातून उतरवलेलं दिसतंय." पानावर लिंबाच्या पाटीमागे सरूबाई पेंगत होती. तोंड उघडं, मान छातीवर पडलेली, आणि एक हात झोपेतसुद्धा लिंबांवर घट्ट ठेवलेला. तो हात! मी रोज शेजारी बसते, पण तो हात तसा असतो हे मला कधी दिसलं नव्हतं. "उतरवलेलं?" मी एवढ्या जोरानं ओरडले की पलीकडची सरूबाई खडबडून जागी झाली. "अगं, हा कागद बघ. इथे मनगटापाशी खोडून खोडून भोक पडायचं राहिलंय. हे मनानं काढलंय. हे बाईंचं आहे, बाईंचं एकटीचं!" अपर्णा घाबरून गेली बिचारी. मी तिला क्रेटवर बसवलं, चहा मागवला, माफीही मागितली, मग डोळे पुसून वही मांडीवर घेतली. शुक्रवारी द्यायचे मार्क राहिले होते. पुन्हा पुन्हा बघितलं, लांब धरून, जवळ धरून, डोळे अर्धवट मिटून. सात, बाई. देवाशपथ खरे सात. आठ दिले असते, पण सरूबाईचे पाय चुकलेत.